पाणघोड्याचं मुंडकं

१

मुंडकं जागेवर नव्हतं.

ताईने टेबलाकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, टेबलामागे पाहिलं आणि चिडून पुन्हा टेबलाकडेच पाहिलं. तिथे खडूने आखलेला मोठा गोल तेवढा होता. या नाटकमंडळीत प्रत्येक वस्तूची टेबलावर अशी आखलेली जागा असे. कंदिलाची होती, शिट्टीची होती, आणि सगळ्यात मोठी पाणघोड्याच्या मुंडक्याची. मुंडकं होतं कपडे धुण्याच्या मशीनएवढं. एवढी वस्तू हरवायला माणसाच्या अंगी काहीतरी खास गुण लागतो, आणि आपल्या मंडळींत तो ठासून भरलाय याविषयी ताईला शंका नव्हती. पडदा कधी वर जाणार आणि कोण कुठून येणार हे सगळं तीच सांभाळायची. त्यामुळे कुणाचंही काहीही हरवलं तरी ते तिचंच हरवलेलं असे.

सुट्ट्या लागल्या की मंडळी दरवर्षी हेच नाटक लावत. ज्या जुन्या बालकादंबरीवरून ते केलं होतं ती आज्यांनी वाचलेली, आयांनी वाचलेली आणि आता पोरांना झोपताना वाचून दाखवली जाणारी. कालव्याच्या राखणदाराची मुलगी सर्कशीतून पळालेल्या पाणघोड्याला लपतछपत समुद्रापर्यंत पोचवते, एवढीच गोष्ट. पुस्तकात ती गोष्ट मुलीची होती. नाटकाला मात्र पोरं यायची ती पाणघोड्यासाठी. आत्ताही बाहेर दाराशी त्यांचा नुसता कल्ला चालला होता.

पाणघोड्यात दोन माणसं असत. पुढच्या पायांत ताईचे बाबा, मागच्या पायांत त्यांचे मित्र, ज्यांना ताई लहानपणापासून काका म्हणायची. बाबा मुंडकं घालून ताठ चालायचे. काका त्यांच्या मागे कमरेत वाकून, बाबांची कंबर दोन्ही हातांनी धरून चालायचे. ताई शाळेत होती तेव्हापासून हीच जोडी होती. मंडळींत एकाला सगळे 'पुढचे' म्हणत, दुसऱ्याला 'मागचे'.

"कुणी घेतलंय ते आत्ताच्या आत्ता आणून ठेवा!" ताई ओरडली. "मी विचारणार नाही, रागावणार नाही!"

ती रागावणार नाही यावर कुणाचा विश्वास बसला नसावा, कारण कुणी आलं नाही.

तिने मागच्या दाराकडे धाव घेतली. दार बंद होतं. नायिकेच्या मावश्या आणि आत्या सकाळपासून आत घुसायला बघत होत्या म्हणून तिनेच कुलूप घातलं होतं, आणि किल्ली तिच्याच कमरेला होती. पुढच्या बाजूला पोरांची झुंबड होती. म्हणजे मुंडकं बाहेर गेलेलं नव्हतं. ते इथेच होतं, आणि ते पळवणारं माणूसही इथेच होतं.

२

दिग्दर्शक आपल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसला होता. यंदाच आलेला, तरुण, आणि जुन्या प्रत्येक गोष्टीला 'जड' म्हणणारा. पाणघोडा जड, पडदा जड, बाबा तर फारच जड.

"मुंडकं नाहीये?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा ताईला जरा जास्तच उजळलेला वाटला. "मग काही अडत नाही, ताई. माझ्याकडे पाणघोडा तयार आहे. मागच्या पडद्यावर टाकू. हलतो, बोलतो, घाम येत नाही त्याला."

"पोरांनी पडद्यावरच बघायचं तर घरी बसून बघतील की!" ताईचा पारा चढला. "तुम्ही 'लागलं'नंतर कुठे होतात?"

'लागलं' हा या मंडळींचा शब्द. स्टेजवर सगळं सामान मांडून झालं की ताई जोरात ओरडायची, "लागलं!" मग काळी फरशी ओल्या फडक्याने पुसली जायची आणि तिथून पुढे पडदा वर जाईपर्यंत स्टेजवर कुणी पाऊल टाकायचं नाही. एक जरी पाऊल उमटलं तरी दिव्यांखाली ते लखलखीत दिसे. हा नियम ताईचाच होता आणि तो मोडणाऱ्याची ती चारचौघांत पूजा बांधायची. आज ती ओरडली तेव्हा मुंडकं टेबलावरच होतं. पुसायचं काम काकांकडे होतं. "नाहीतरी मी वाकलेलाच असतो," असं ते एकदा गंमतीने बोलून गेले आणि ते काम त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

"इथेच होतो," दिग्दर्शक म्हणाला. "तुमचे बाबाही इथेच होते. तुम्ही ओरडलात ते आम्ही दोघांनी ऐकलं. मी त्यांना नवा उतार समजावत होतो."

उतार ही त्याची आजची करामत. स्टेजवरून थेट प्रेक्षकांमध्ये उतरणारी लाकडी फळी. दुसऱ्या अंकात पाणघोडा त्यावरून खाली पोरांत जाणार होता.

"कागदावर काढून दाखवला, तर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नुसती मान हलवली. 'होईल, होईल' म्हणाले. त्यापेक्षा काकांनी जास्त कटकट केली. सकाळी येऊन तीनतीनदा म्हणतात, उतार काढा, उतार काढा. वय झालं की माणसं भित्री होतात."

ताईने त्याच्या टेबलामागे, कपाटात, अगदी सतरंजीखालीसुद्धा बघितलं. सतरंजीखाली पाणघोडा मावत नाही हे तिला कळत होतं, पण आता ती कशावरच विश्वास ठेवायला तयार नव्हती.

बाहेर पडताच नायिकेच्या आईने तिला गाठलं.

"अहो ताई, मी ऐकलं. वाईट झालं हं." त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचा मागमूस नव्हता. "पण खरं सांगू? एका परीने बरंच झालं. माझी मुलगी पानंच्या पानं पाठ करते, आणि तो पाणघोडा नुसता बूड हलवतो तर टाळ्या त्याला!"

"तुम्ही कुठे होतात?"

"मी? वेण्या घालत होते तिच्या. विचारा कुणालाही!"

विचारायची गरज नव्हती. "आई, ओढू नकोस ना!" हा आकांत सगळ्या इमारतीने ऐकला होता. 'लागलं'च्या आधीपासून सुरू झालेला तो आत्ता कुठे थांबला होता. ज्या बाईला मुंडकं नाहीसं व्हायला हवं होतं तिचे दोन्ही हात त्या वेळी मुलीच्या केसांत होते. ताईने कपाळावर हात मारला आणि शिवणाच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे तिला जे ऐकायला मिळालं त्याने तिच्या पायाखालची जमीन सरकली.

३

"अगं, शोधतेस काय? तुझे बाबाच घेऊन गेले की ते!" मावशी म्हणाल्या.

मंडळींचे कपडे शिवणाऱ्या या मावशी कधी खोटं बोलत नसत. खोटं बोलायला लागणारी सवडच त्यांना नव्हती. त्यांचं शिलाई मशीन टेबलाकडून स्टेजकडे जाणाऱ्या अरुंद बोळात होतं. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला उभी शिडी, पुढे कपड्यांचा दांडा.

"कधी?"

"तू 'लागलं' ओरडलीस ना, त्यानंतर लगेच. मुंडकं घालूनच गेले इथून, विंगेकडे. मी म्हटलं, आत्तापासून कशाला घालून बसताय, गुदमराल. तर बोलले नाहीत. मला वाटलं, असतील कुठल्या तंद्रीत. पण आज गेले मात्र शहाण्यासारखे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, रोज माझ्या मशीनला धडकतात. परवा शिडी पाडली. काल दांड्यावरचे सगळे झगे जमिनीवर! माझा जीव मेटाकुटीला आणलाय. आज कसे अलगद गेले. कशाला शिवले नाहीत." मावशींनी दाताने दोरा तोडला. "कुठे ठेवलं ते त्यांनाच विचार."

दिग्दर्शक म्हणत होता बाबा माझ्याजवळ होते. मावशी म्हणत होत्या बाबा इथून गेले. दोघांतलं कुणीतरी चुकत होतं, आणि बाहेर पोरांनी आता तालावर टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.

ताईने मंडळींना कामाला लावलं. कपड्यांच्या पेट्या उपसल्या. सामानाची खोली झाली, दिव्यांचा माळा झाला, न्हाणीघर झालं. मुंडकं नव्हतंच. विंगेत उभं राहून तिने स्टेजवर नजर टाकली. कालव्याची फाटकं, होडी, पोत्यांचा ढीग, राखणदाराची खोपटी. फरशी आरशासारखी चकचकीत, एक पाऊल उमटलेलं नाही. स्टेजवर कुणी गेलेलं नाही, म्हणून स्टेज शोधायचा प्रश्नच नव्हता.

विंगेतच काका बादलीवर फडकं पिळत उभे होते. आज त्यांनी पुसायला नको तेवढा वेळ घेतला होता. खोपटीच्या पाठीमागची फरशीसुद्धा घासत बसलेले पाहून तिने मघाशी त्यांना झापलं होतं, "काका, तिथे कोण बघायला येणार आहे? आटपा ना!" बिचारे काही न बोलता आटपून आले होते.

"सापडलं का गं?" आता त्यांनी विचारलं.

"नाही. आणि बाबा कुठायत?"

काकांनी हाताने खूण केली आणि पुन्हा फडकं पिळायला लागले. त्यातून आता पाण्याचा थेंबही पडत नव्हता.

४

बाबा मेकअपच्या खोलीत खुर्चीत बसले होते, अंगात पाणघोड्याचे राखाडी पाय घालून.

"कोण? तू का?"

"मी नाही तर कोण? बाबा, मुंडकं कुठे ठेवलंत?"

"मी?" बाबा उसळले. "मी त्याला हात नाही लावलेला! त्या पोराच्या खोलीत बसलो होतो, त्याची अक्कल ऐकत. तिथून सरळ इथे आलो. मुंडकं सांभाळायचं काम कुणाचं? तुझं! एवढी वर्षं एकदा हरवलं नाही, आणि..."

"ओरडू नका. चहा घ्या." तिने कप पुढे केला.

"ठेव तिथे."

तिने कप टेबलावर ठेवला. बाबांनी हात टेबलावर सरकवत नेला, बोटं कपाला लागली तेव्हा तो उचलला. हे ते बरेच दिवस करत होते. तसंच चालताना भिंतीला हात लावून चालत होते. विचारलं तर म्हणायचे, "भिंत गार लागते, बरं वाटतं." ताईला रोज त्याचा राग यायचा. आज राग येता येता मध्येच अडकला.

ती बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. पोरांच्या टाळ्यांनी डोकं उठलं होतं, पण तिने नेटाने एकेक गोष्ट समोर मांडली.

मावशींनी माणूस पाहिला नव्हता. मावशींनी मुंडकं पाहिलं होतं आणि त्याखाली बाबा आहेत असं धरून चालल्या होत्या, कारण त्याखाली नेहमी बाबाच असतात. दिग्दर्शक खोटं सांगत नव्हता. बाबांची आणि त्याची साक्ष जुळत होती. म्हणजे मुंडक्यातला माणूस दुसराच. आणि तो मशीन, शिडी, दांडा यांतून अलगद गेला. त्या मुंडक्यातून बाहेर बघायला तोंडाजवळ एक जाळी होती. जाळीतून ज्याला दिसतं तो धडकत नाही.

मग बाबा रोज का धडकत होते?

हा प्रश्न तिने घाईघाईने बाजूला सारला. आधी मुंडकं. तो माणूस बोळातून विंगेकडे गेला. विंगेपुढे स्टेज, दुसरं काही नाही. आणि 'लागलं'नंतर स्टेजवर कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं. फक्त काका पुसत...

ताई ताडकन उठली. इतक्या वर्षांत तिच्या लेखी 'कुणी नव्हतं' याचा अर्थ 'काका सोडून कुणी नव्हतं' असाच झाला होता. पुसणारा माणूस मोजायचाच नसतो. तो मागे मागे सरकत येतो आणि आपली पावलं आपणच पुसून टाकतो. मग तो खोपटीच्या मागे गेला, तर तिथून आल्याची खूणही त्यालाच पुसावी लागणार. म्हणून आज ती मागची फरशी, जी प्रेक्षकांना कधी दिसत नाही आणि जिला कधी फडकं लागत नाही, तीसुद्धा चकचकीत होती.

५

आयुष्यात पहिल्यांदा ताईने स्वतःचा नियम मोडला. ओल्या फरशीवर ठसठशीत पावलं उमटवत ती खोपटीच्या मागे गेली. खोपटी म्हणजे समोर रंगवलेली भिंत आणि मागे नुसती पोकळी. त्या पोकळीत पाणघोडा जबडा वासून, मोठ्या समाधानाने बसला होता.

"काका!"

काका विंगेतून आले. फरशीवर पाय ठेवताना सवयीने कचरले, मग आलेच.

"का?" ताईचा आवाज चिरकला. "बाहेर पोरं ओरडतायत, तो पडद्यावरचा पाणघोडा लावायला निघालाय, आणि तुम्ही? तुम्ही, काका? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजले असते!"

"मला वाटलं, मुंडकं नसलं तर एक दिवस पाणघोडा होणार नाही. उद्याचं उद्या बघू." काकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "उतार काढा म्हणून सांगितलं मी त्याला. ऐकेना."

"बाबांना दिसत नाही," ताई म्हणाली. तिला वाटलं होतं आपण विचारू; पण ते सांगितल्यासारखंच तोंडून निघालं.

काकांनी मान हलवली. "काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, जेवढी गेली तेवढी नजर परत यायची नाही. उरलीय ती राखायची. मुंडक्याच्या अंधारात तर काहीच दिसत नाही त्याला. मीच चालवतो त्याला. डावी कंबर दाबली की डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे, दोन्ही दाबल्या की थांब. स्टेजवर जमतं. स्टेज माझं पाठ आहे. पण त्या फळीवरून? दोन्ही बाजूंना पोरं बसलेली. मी वाकलेला, मला समोरचं दिसत नाही, त्याला कुठलंच दिसत नाही. आपण कुणाच्या तरी पोरावर पडणार, पोरी."

"मग मला सांगायचं ना!"

"शपथ घातलीय त्याने. तुला सांगायचं नाही म्हणून." काका वरमले, पण क्षणभरच. "मुंडकं लपवायचं नाही अशी नव्हती घातली."

ताईला हसू आलं आणि त्याच वेळी असा काही संताप आला, की तिने मुंडक्यावर एक जोरदार थप्पड मारली. संताप काकांवर होता, बाबांवर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता. कप चाचपडणारा हात रोज बघून तिने फक्त नाक मुरडलं होतं.

तिने मुंडकं उचललं. ते दिसतं तेवढं जड नव्हतं. ते घेऊन ती मेकअपच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही.

बाबांनी दाराकडे मान वळवली. धुण्याच्या मशीनएवढा पाणघोडा त्यांच्याकडे जबडा वासून बघत होता.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

६

"मुंडकं सापडलं, बाबा," ताई म्हणाली. "तुमच्या समोर आहे."

बाबा म्हणाले, "त्याने सांगितलं?"

"नाही. शपथ पाळली त्यांनी. मला आपलं आपणच कळलं, आणि फार उशिरा कळलं."

"एवढा हंगाम होऊ दे. मग बघू."

"नाही."

"आजचा तरी! दोघं मिळून करतो आम्ही. आजवर पडलो का एकदा तरी?"

"मावशींच्या शिडीला विचारा." ती खाली त्यांच्या खुर्चीपाशी बसली. "बाबा, खाली पोरं असतील. तुमच्यामुळे एखाद्याला लागलं, तर तुम्ही जेवाल का घरी येऊन?"

बाबांनी हळूहळू, एकेक करून राखाडी पाय काढायला सुरुवात केली. मदतीला ताई पुढे झाली तर तिचा हात झटकला. "एवढं येतं मला."

"मुंडकं काका घालतील. त्यांना दिसतं. मागे मी राहीन."

"तू? आणि पडदा कोण बघणार?"

"दिग्दर्शक. फार हौस आहे ना, ओढू दे की दोऱ्या."

"आणि मी? मी घरी जाऊन वाट बघू?"

"तुम्ही समोर बसा. पहिल्या रांगेत, उताराच्या कडेला."

"समोर?" बाबा असे दुखावले, जणू तिने त्यांना तिकीट काढायला सांगितलं होतं. "मी कधी समोर बसलो नाही. हा पाणघोडा कसा दिसतो ते सगळ्या गावाने पाहिलंय, मी सोडून. मी कायम आत. आणि आता बसवतेस, जेव्हा..."

ताईने त्यांचा हात धरला. त्यांनी या वेळी झटकला नाही. ती त्यांना घेऊन पुढे गेली, खुर्चीत बसवलं आणि पळत आत आली. दिग्दर्शकाला चार शिव्या आणि दोन सूचना दिल्या. मावशींनी तिला मागच्या पायांत कोंबून पाठीवर बटणं लावली.

आत अंधार होता, गरम होतं, आणि काकांच्या सदऱ्याला फिनेलचा वास येत होता. ताई कमरेत वाकली आणि काकांची कंबर धरली. काकांनी इतकी वर्षं हे कसं सहन केलं याचं तिला नवल वाटलं. पहिला अंक तिने दात खाऊन काढला. दिग्दर्शकाने पडदा दोनदा चुकीच्या वेळी पाडला. नायिका अडखळली. पोरांना कशाचंच सोयरसुतक नव्हतं. पाणघोडा आला की ती किंचाळायची, गेला की त्याला हाका मारायची.

दुसऱ्या अंकात काका हलकेच म्हणाले, "उतार आला गं. सांभाळ." पायाखालची फळी कलली. मग फळी संपली, फरशी आली, आणि चहूबाजूंनी हातच हात पाणघोड्यावर पडले. कुणी थापट्या मारत होतं, कुणी शेपूट ओढत होतं. काका थांबले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"तो उठलाय," काका पुटपुटले.

ताईला काही दिसत नव्हतं. पण कापडावरून सरकणाऱ्या तळव्यांचा आवाज आला. पोरांच्या थापट्यांसारखा नाही, सावकाश. नाकपुड्यांवरून जबड्याकडे, जबड्यावरून वर, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे, मग गळ्याच्या घेराभोवती, जेवढे हात पोचतील तेवढे.

"एवढा मोठा होतो मी?" बाबा म्हणाले.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दोन्ही हात काकांच्या कमरेला, पुसायलाही सोय नाही.

"आजोबा, सरका ना," कुठल्याशा मुलीचा वैतागलेला आवाज आला. "आमचापण नंबर आहे!"

"थांब गं जरा," बाबा तितक्याच वैतागाने म्हणाले. "माझं अजून अर्धंच झालंय."

हात पाणघोड्याच्या पाठीवरून चाचपत मागे मागे आला, आणि ताईच्या पाठीवर येऊन थांबला. तिथेच राहिला. मग बाबा खाली वाकून, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पाठ खाली घे. पाणघोडा आहे, उंट नव्हे."

ताईने पाठ खाली घेतली.